पपांसारखं हृदय

शमिकाने स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरचं गुंडाळतं शटर, रोलाडेन, वर ओढलं. बाहेर नोव्हेंबरचा उजेड जेमतेम होता. तिने किटली लावली, ब्रेडला लोणी फासलं, काकडीच्या चकत्या डब्यात भरल्या. आतल्या खोलीत सात वर्षांची उर्जा मोजे चढवत होती. टेबलाशी सासू-सासरे बसले होते. मुलगा रुपेश गेल्याची बातमी कळताच दोघं सांगलीहून निघून जर्मनीत ब्योब्लिंगेनला आले होते. एवढ्यात परतायचं नव्हतं.

वासुदेवराव लॅपटॉपवर झुकले होते. त्यांचं सगळं आयुष्य कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात गेलं होतं. रविवारी मराठी मंडळाने रुपेशची शोकसभा ठेवली होती. त्याच्या ऑफिसातले जर्मन सहकारीही येणार, म्हणून ते इंग्रजीत बोलणार होते.

“किती शब्द आहेत बघ या एका गोष्टीला,” ते म्हणाले. “सेल्फ-डिस्ट्रक्शन. हे यंत्राबद्दल बोलल्यासारखं वाटतं. फेलो-द-से. हे जुन्या कायद्यातलं, यात माणूस स्वतःचाच गुन्हेगार ठरतो. टुक हिज ओन लाइफ. घेतलं म्हणे! कुणाच्या खिशातून घेतल्यासारखं.”

“अहो, हळू बोला,” कुंदाताई म्हणाल्या. “पोर आत आहे.”

“ती जर्मनमध्ये विचार करते. तिला काय कळणार?” त्यांनी चष्मा पुसला. “अनटाइमली डिमाइज. हेच बरं. यात कुणाचा हात दिसत नाही.”

शमिकाने चहाचे कप ठेवले. “बाबा, काल उर्जाच्या बाईंचा फोन आला होता. ती श्पोर्टच्या, म्हणजे खेळाच्या तासाला धावत नाही. बाकावर छातीवर हात ठेवून बसून राहते. बाईंना म्हणाली, माझंही हृदय पपांसारखं आहे, मी पळाले तर बंद पडेल.”



“डॉक्टरांकडून एकदा तपासून घे,” कुंदाताई म्हणाल्या.

“तिला काही झालेलं नाही, आई. आपण तिला हार्ट सांगितलं म्हणून झालंय.”

“मग काय सांगायचं? उद्या लग्नाच्या वेळी लोक विचारतील, बाप कशाने गेला. तेव्हा काय उत्तर देणार ती?”

“सात वर्षांची आहे ती.”

“आज सात वर्षांची आहे.” कुंदाताईंनी कप पुढे ओढला, साखर घातली, ढवळली. “नवऱ्याच्या मनात काय चाललंय, हे बायकोला दिसलं असतं, तर ह्यांच्यावर शब्द शोधायची वेळ आली नसती.”

शमिकाच्या हातातलं डब्याचं झाकण तसंच राहिलं. वासुदेवरावांनी बायकोकडे पाहिलं, पण तिला अडवलं नाही.

“मोठी झाली की मी स्वतः समजावीन तिला,” ते स्क्रीनकडे बघत म्हणाले. “तोवर हार्टच. घरात सगळ्यांनी एकच बोलायचं. तूसुद्धा.”

शमिकाने झाकण दाबून बसवलं. “उर्जा, चल,” तिने हाक मारली.

जिना उतरताना उर्जा कठडा धरून एकेक पायरी उतरत होती. दर पायरीला ती थोडी थांबायची. पूर्वी ती शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून उतरायची आणि रुपेश खाली हात पसरून उभा असायचा.

सायकलींच्या शेडपाशी शमिका थांबली. इथून वरच्या त्यांच्या घराची बाल्कनी दिसत नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने उर्जाच्या छातीवरचा हात आपल्या हातात घेतला.

“पपांचं हृदय चांगलं होतं,” ती म्हणाली. “तुझंही चांगलं आहे. आम्ही तुला खोटं सांगितलं.”

मग तिने खरं ते सांगितलं. पपांचं मन खूप आजारी होतं, आणि त्या आजारात त्यांनी स्वतःच स्वतःचा जीव घेतला. तुझ्यामुळे नाही. तू काही केलंस किंवा नाही केलंस म्हणूनही नाही. हे तिने मराठीत सांगितलं, मग तेच सावकाश जर्मनमध्ये सांगितलं.  दोन्ही वेळा तिने प्रत्येक वाक्य पुरं केलं.

उर्जा रडली नाही. बराच वेळ ती आईच्या जॅकेटची चेन वर-खाली करत राहिली.

“म्हणजे मी पळू शकते?” तिने जर्मनमध्ये विचारलं.

“हो.”

“आजोबांना माहीत आहे, पपांनी काय केलं ते?”

“माहीत आहे.”

उर्जाने मान हलवली. दप्तराचे पट्टे घट्ट धरून ती शेडबाहेर पडली आणि फुटपाथवर धावत सुटली. जॅकेटची टोपी तिच्या पाठीवर आपटत होती.

“बाळा! पळू नकोस गं!” वरून आवाज आला. वासुदेवराव रोजच्यासारखे बाल्कनीत उभे होते. कठड्यावर वाकून, घाबरून, दोन्ही हात हलवत.

उर्जा थांबली. तिने वर, आजोबांच्या घाबरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग त्यांना दिसेल असा हात छातीवर ठेवला, आणि शाळेच्या वळणापर्यंत सावकाश चालत गेली.