एका जोडीतून दोन

रुखमाबाईंनी कापडाचे दोन चौकोन तोंडाला तोंड लावून मशीनखाली सरकवले आणि पायडल मारलं. खडखड सुरू झाली. नेरहून पाहुणे निघाल्याचा फोन येऊन गेला होता, चहाचं पाणी उकळून उकळून अर्धं झालं होतं, आणि या बाईला गोधडी आजच पुरी करायची होती. उर्वशी दारात जायची, रस्ता पाहायची, परत यायची. घोटभर पाणी प्यायची आणि पुन्हा दारात जायची.

चौकोन राजदीपच्या शर्टांचे होते. एक निळ्या चौकटीचा, एक पिवळा, आणि एक लग्नात घेतलेला पांढरा. राजदीप गाडीवरून पडून गेला त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. इतके दिवस रुखमाबाईंनी लेकाच्या पेटीला कोणाला हात लावू दिला नव्हता, सुनेलासुद्धा नाही. आणि उर्वशीला धम्मरत्नचं स्थळ आलं, त्याच आठवड्यात सासूनं स्वतः पेटी उघडून शर्टांवर कात्री चालवली. कोणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती. उर्वशीच्या चार वर्षांच्या लेकीची, सुरभीची, जुनी गोधडी फाटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या.

धम्मरत्न माणूस बरा होता. नेरच्या बस स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, बायको आजारात गेलेली, बोलणं कमी. पोरीला घेऊनच या, असं त्यानं आपण होऊन सांगितलं होतं. घोडं अडलं होतं ते इथं. चुलतसासरे उकंडामामा घरच्या बैठकीत म्हणाले, सून तरणी आहे, खुशाल दुसरा संसार करावा, पण पोरगी आपल्या घरची, ती इथंच राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. उर्वशीनं सासूकडे पाहिलं, तर रुखमाबाई सुईत दोरा ओवत बसलेल्या.

आणि गंमत म्हणजे, ही शिवण उर्वशीनंच त्यांना शिकवलेली. रुखमाबाई आयुष्यभर आधी तिकोनी तुकडे कापायच्या आणि मग एकेक जोडत बसायच्या. तिरप्या कडेला कापड ताणायचं, टोकाला टोक जुळायचं नाही, अर्धा दिवस उसवण्यात जायचा. उर्वशीला बचत गटाच्या शिबिरात सोपी युक्ती कळली. आधी कापायचंच नाही. दोन रंगांचे चौकोन एकावर एक ठेवायचे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात खडूची रेघ ओढायची, रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिवायचं, मग रेघेवर कात्री फिरवायची. उलगडलं की अर्धा या रंगाचा, अर्धा त्या रंगाचा, असे दोन चौकोन हातात तयार.

"एका जोडीतून दोन निघतात, आई," तिनं सांगितलं होतं.

रुखमाबाईंनी दोन्ही तुकडे उजेडात धरून उलटेसुलटे पाहिले. "दोन्ही सारखेच?"

"अगदी सारखे."

तेव्हापासून मशीन काही थांबलं नव्हतं. उर्वशी निंदायला शेतात गेली तरी मागं खडखड सुरूच. चौकोनांचा ढीग जेवढा दिसायचा, त्या मानानं गोधडी वाढायची नाही. म्हातारीचे काही बिघडत असतील, असं म्हणून उर्वशीनं सोडून दिलं. तिला दुसऱ्याच काळजीनं पोखरलं होतं.

गेल्या दिवाळीला ती सुरभीला घेऊन कळंबला माहेरी गेली आणि पोरीची ती जुनी गोधडी इथंच विसरली. गोधडीशिवाय पोरगी झोपेना, रडून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं. सकाळच्या पहिल्या एसटीनं परत यावं लागलं. तेव्हा रुखमाबाईंनी नातीला मांडीवर घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, माही सुरभी दुसऱ्या घरी झोपतच नाही. ते बोलणं आता उर्वशीला राहून राहून आठवत होतं. पोरीला ठेवून घ्यायचं सासूचंही ठरलेलंच होतं तर. आई नेरला गेल्यावर तिला निजवायला बापाच्या शर्टांची गोधडी कामी येणार होती.

रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. मशीनही थांबलं. रुखमाबाईंनी दातानं दोरा तोडला, गोधडी झटकली आणि खाटेवर झोपलेल्या सुरभीवर पांघरली. पोरीनं झोपेतच तिचं टोक मुठीत धरलं. ते पाहिलं आणि उर्वशीचा धीर सुटला.

"आई, पाहुण्यायले चहा पाजा अन् वापस पाठवा. मले नाही जायचं. सुरभीले सोडून मी कुठंच राहत नाही."

"सोडून काहून?" रुखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

उर्वशीनं उकंडामामांच्या बैठकीची आठवण करून दिली. त्यावर रुखमाबाई फणकारल्या. ज्यानं कधी पोरीचं नाक पुसलं नाही, त्यानं तिचं घर ठरवू नये, आणि त्याला काय सांगायचं ते मी सांगेन, असं म्हणून त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. त्यांनी राजदीपची पेटी उघडली. आत आता एकही शर्ट नव्हता. तळाशी घडी घातलेली आणखी एक गोधडी होती. तोच निळा, तोच पिवळा, कोपऱ्याला तोच पांढरा. उर्वशीनं खाटेवरची पाहिली, पेटीतली पाहिली, पुन्हा खाटेवरची पाहिली.

अंगणात पाहुणे चपला काढत होते. रुखमाबाईंनी पेटीतली गोधडी सुनेच्या हातात दिली.

"हे गोधडी नेरले ने, खाटेवरची इथं राहू दे. आता पोरीचं दुसरं घर म्हणजे हे. सुट्टीत आली का इथं रडली नाही पाहिजे."