डावखुऱ्या गाठी

बिसन मलायात रबराच्या मळ्यावर मजुरीला गेला आणि तिथंच इंग्रजांच्या पलटणीत भरती झाला. त्याचं फेकायचं जाळं अर्धवट विणलेलं खुंटीला राहिलं. ज्यानं जाळं सुरू केलं त्यानंच ते पुरं करायचं, ही मासे धरणाऱ्या ढिवरांची रीत. म्हणून बापानं, डोमाजीनं, त्याला हात लावला नाही.

बावन्न साली तार आली. बिसन तिकडच्या जंगलात गोळी लागून मेला होता. त्याला तिकडंच पुरलं होतं.

दहावं उरकून डोमाजी रिकाम्या घरात आला, तर जाळ्याला एक ओळ वाढलेली. सूत ओलं होतं. गाठी उलट्या पिळाच्या, डावखुऱ्या. गावात डावखुरा एकटा बिसनच होता.

मग रोज एक ओळ वाढू लागली. डोमाजी रोज दुपारी ती उसवायचा. जाळं पुरं झालं की पोरगा यायचा थांबेल, एवढीच त्याला भीती होती.

वर्षभरानं शेजारच्या उमाजीनं त्याला उसवताना पाहिलं आणि त्या डावखुऱ्या गाठी ओळखल्या.

"काऊन अडवून राह्यले त्याले, भाऊ? होऊ द्या पुरं. सुटू द्या."

"मंग मी घरी कोणासाठी येऊ?"

तरी त्या दिवसापासून डोमाजीनं उसवणं सोडलं.

पंधराव्या दुपारी तो तलावावरून परतला तेव्हा खुंटी रिकामी होती. जाळं त्याच्या अंथरुणावर पसरलेलं होतं, पाण्यावर फेकावं तसं गोल, काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. जाळं ओढायची दोरी मागच्या दारातून तलावाकडं गेली होती.

डोमाजीनं काठ उचलला आणि आत सरकून निजला.

दोरी हळूच ताणली गेली.