पांढऱ्या साडीवरचं रक्त

१९७२ साली घाटात एसटी उलटली. जखमींबरोबर आमच्या हॉस्पिटलात एस्तेर सिस्टरही आल्या. त्याच गाडीने त्या ड्यूटीवर येत होत्या. साडीवरचं रक्त जखमींचंच, असं सगळ्यांनी धरलं आणि त्यांच्या हाती पट्ट्या दिल्या.

“ओरडणारे राहू दे, आधी गप्प पडलेले बघ,” असं मला, नवख्या नर्सला, बजावून त्या स्वतः एसटीच्या ड्रायव्हरच्या फुटलेल्या मांडीला पट्टी आवळू लागल्या.

“सिस्टर, हात लई गार हाय तुमचा,” तो कण्हला.

“मग काय, शेकत बसू?”

आणि त्या एकदम गप्प झाल्या. मी त्यांचं मनगट धरलं. नाडी लागेना. त्यांचं पोट हाताला दगडासारखं कडक लागलं. रक्त आतच साचत होतं.

ऑपरेशन टेबलावरच त्या गेल्या. ड्रायव्हर पुन्हा त्याच घाटात गाडी चालवू लागला. मी मेट्रन झाले. जखमींबरोबर कुणी नर्स आली, की पट्टी देण्याआधी तिची नाडी बघायचे.