सातव्या प्रश्नापुढचे दोन चौकोन

बुलढाण्याहून आलेल्या साहेबांनी कागद वाटले, तेव्हा दीपमालानं आधी सातवा प्रश्न शोधून काढला. 'मुलींसाठी स्वतंत्र व वापरण्यायोग्य स्वच्छतागृह आहे काय?' पुढे दोन चौकोन होते. आहे. नाही.

याच प्रश्नासाठी ती पिको-फॉलचं मशीन झाकून, हातातल्या साड्या तशाच टाकून आली होती.

नगर परिषदेच्या त्या शाळेचं मूल्यांकन होतं. सातवीच्या वर्गात मुलं आणि पालक एकत्रच बसवले होते. एक कागद मुलांनी भरायचा, एक पालकांनी. शाळा कशी आहे ते दोघांनीही सांगायचं. दीपमालाच्या शेजारी तिची नीरजा मान खाली घालून लिहीत होती. बाक एवढासा, त्यामुळे दीपमाला अर्धी बाहेरच टेकली होती.

स्वच्छतागृह होतं. पटांगणाच्या कोपऱ्यात, गुलाबी रंगाचं, भिंतीवर दप्तर घेतलेली हसरी मुलगी काढलेलं. दार मात्र दोन वर्षांपासून नव्हतं आणि नळाला पाणी त्याच्याही आधीपासून नव्हतं. मोठ्या मुली सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घेत नसत. दिवाळीनंतर नीरजाला लघवीला जळजळ सुरू झाली, मग हुडहुडी भरून ताप आला. सरकारी दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावावं लागलं. डॉक्टरीणबाई दीपमालावरच तडकल्या होत्या, "पोरीला पाणी का नाही पाजत हो तुम्ही?"

दीपमालानं 'नाही'वर पेन टेकवलं. मग थांबून हात वर केला.

"साहेब, हाये लिहावं तं दार नाई. नाई लिहावं तं खोली उभी हाये. काय लिहू?"

साहेब तरुण होते, बोलायला मऊ. "ताई, दोनच पर्याय आहेत. वापरता येत नसेल तर 'नाही' लिहा. जे खरं असेल ते लिहा. आम्ही काही सुचवायचं नसतं."

खरं लिही असं कुणी इतक्या सहज सांगेल, हे दीपमालाला अपेक्षितच नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं.

साहेब पुढच्या रांगेकडे गेले तशा सुहासिनी मॅडम तिच्या बाकाशी येऊन वाकल्या. शाळेत शिक्षक दोनच. सात वर्ग दोघांत वाटून घेतलेले, आणि तरी नीरजाला इंग्रजी वाचता येत होतं ते या मॅडममुळे.

"दीपमालाताई, खोटं लिहा असं मी म्हणणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "दारासाठी मी चार पत्रं दिली. आवक क्रमांक आहेत माझ्याकडे. पण आपला पट एकेचाळीस आहे. पट कमी आणि त्यात शेरा वाईट आला, की समायोजन करतात."

"म्हंजे?"

"म्हणजे शाळा बंद. पोरं बायपासच्या पलीकडच्या शाळेत. मागच्या साली त्या वरच्या आळीतल्या शाळेचं तेच झालं."

"तिथं हाये का दार?"

"तिथं आहे," मॅडम म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

बायपासवर कंटेनर धावत. गुरुवारी तर शेगावला जाणाऱ्या गाड्यांमुळे मोठ्या माणसालाही रस्ता ओलांडायला पाव तास लागे. वरच्या शाळेतल्या अकरा मोठ्या मुलींपैकी आता चौघीच पलीकडे जात होत्या. बाकीच्या कुठे होत्या ते दीपमालाला ठाऊक होतं. त्यातल्या दोघी तिच्याकडेच फॉल लावायला येत.

शाळा बंद होणार असं काहीबाही नीरजाच्या वडिलांच्या, उद्धवच्या कानावर आलं होतं. "माही पोरगी तो रस्ता वलांडणार नाई," एवढं बोलून परवा जेवताना त्यानं ताट सरकवलं. दीपमाला तेव्हा काही बोलली नव्हती. त्या रस्त्याची भीती तिलाही होतीच.

तिनं नीरजाच्या कागदावर नजर टाकली. नीरजानं हात आडवा धरला होता, पण बोटांमधून दिसत होतं. पिण्याचे पाणी, आहे. खेळाचे साहित्य, आहे. प्रत्येक विषयाला शिक्षक, आहे. सातवा प्रश्न, आहे. खुणा कशा अगदी रेखीव.

"हे काऊन लिहिलं वं?" दीपमाला कुजबुजली. "दवाखान्यात कोन पडलं होतं?"

नीरजानं हात बाजूला केला.

"शाळा बंद झाली तं तू मले घरीच बसवशीन ना, मम्मी?"

विचारण्यात राग नव्हता. उद्या डब्यात काय देशील, असं विचारावं तसं तिनं विचारलं होतं.

दीपमालाला 'नाही' म्हणायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आला. मग बायपास आठवला, उद्धवनं सरकवलेलं ताट आठवलं, आणि आपण तेव्हा गप्प बसलो होतो तेही आठवलं.

"माहं पाहून लिही," शेवटी नीरजाच म्हणाली आणि आपला कागद आईकडे सरकवला. "मले आता जमते पान्याबिगर."

पुढे साहेब घड्याळ पाहून म्हणाले, "पाच मिनिटं राहिली."

दीपमालानं पेन उचललं. मुलीच्या कागदावर नजर ठेवून ती एकेका चौकोनात खूण करत गेली. बाकांमधून फिरत सुहासिनी मॅडम पुन्हा त्या रांगेत आल्या. त्यांनी दोघींना पाहिलं, आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.