हात न लावता

उत्तर दोन ओळींचं होतं. ‘नमुना-लेखन मिळालं. पालकांचा हात लागलेला दिसतो. कृपया मुलीनं एकटीनं लिहिलेलं पाठवावं.’

कार्लीननं ते तीनदा वाचलं. स्वयंपाकघरातल्या या टेबलावर गेली अकरा वर्षं शाळा भरत होती, आणि तिथली मुख्याध्यापिका, शिक्षिका, शिपाई आणि खाऊ वाटणारी बाई ती एकटीच होती. नापास व्हायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“मी फक्त स्वल्पविराम घातले,” ती म्हणाली.

“आणि ‘तथापि’.” मर्सी, तिची मुलगी, पंधरा वर्षांची, या शाळेची एकूण पटसंख्या. “मॉम, मी जन्मात कधी ‘तथापि’ म्हटलंय?”

“म्हणायला हवंस.”

टेबलावर लेखनाच्या दोन कोर्सची माहितीपत्रकं होती. पहिल्यात व्हिडिओ बघायचे, निबंध लिहायचा आणि तो आईनं उत्तरांच्या पुस्तकावरून तपासायचा. दर गुरुवारी चर्चच्या तळघरात जमणाऱ्या, घरीच मुलांना शिकवणाऱ्या सगळ्या आया याच कोर्सचं नाव घेत. दुसऱ्यात व्हिडिओ नव्हते. मिसेस हॅलोरन नावाची कुणी बाई दूर मेन राज्यात बसून मुलांचं लिखाण वाचणार आणि त्यांना उत्तर लिहिणार. आयांना त्यात काहीच काम नव्हतं. दोन ओळींचं उत्तर तिचंच होतं, आणि तिच्या कोर्सची नोंदणी आज दुपारी बंद होणार होती.

“पहिलाच घेऊ या. तिथं हे असलं नाटक नाही. तपासायचं मीच.”

“तेच तर.”

“तेच तर काय?”

मर्सीनं टोस्टचा काठ मोडून टेबलाखाली धरला. खालून त्यांच्या कुत्र्यानं, बिस्किटनं, तो घेतला. “तू छान तपासतेस, मॉम. पण मी ‘कुत्रा’ लिहिलं की तुला आपला बिस्किट दिसतो. मी काही न करताच दिसतो. ज्या बाईनं बिस्किटला कधी पाहिलेलंच नाही, तिला तो दिसतो का, ते मला बघायचंय.”

मुद्दा असा मांडायला कार्लीननंच तिला शिकवलं होतं.

“बरं. लिही तू. मी बाहेर जाते.”

“कुठं?”

प्रश्न रास्त होता. बैठकीच्या खोलीतून टेबल दिसायचं, आणि टेबल दिसलं की ती उठून येणार, हे दोघींनाही ठाऊक होतं. कार्लीन अंगणात गेली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली. बिस्किटही मागोमाग चढला. त्याचाही बहुधा हात लागला असता.

कोंबड्यांच्या दाण्याची बादली घेऊन तिचा नवरा रॉस आला. त्यानं काचेवर टकटक केलं.

“काय गं, शाळेतून काढलं का?”

“परीक्षा चाललीय.”

“कुणाची?”

लग्नाला वीस वर्षं झाली होती. उत्तराची वाट न बघता रॉसनं बादली उचलली आणि निघून गेला.

समोर स्वयंपाकघराची खिडकी होती. अकरा वर्षं कार्लीन मर्सीच्या शेजारी बसली होती. वही दिसायची, पेन्सिल धरलेला हात दिसायचा, नखं कापायला झालीत हे दिसायचं. चेहरा असा समोरून दिसला नव्हता. लिहिताना मर्सीचे ओठ हलत होते. एकदा तिनं डोळे मिटून घेतले. एकदा ती हसली, एकटीच, कागदाकडे बघून.

कशाला हसलीस, असं विचारायला कार्लीननं गाडीचं दार उघडलं. मग तसंच धरून बसली. मार्चचा वारा आत आला. केस सावरायला हात मागं गेला, तर अंबाड्यात हिरवी पेन्सिल होती. लाल शाईनं मुलं खचतात, असं गुरुवारच्या गटात ठरलं होतं, तेव्हापासून ती हिरव्यानं तपासत होती. तिनं पेन्सिल काढली आणि गाडीच्या खणात, पावत्यांच्या खाली टाकली.

बऱ्याच वेळानं मर्सी पायरीवर आली. “टाइप करून पाठवलं. नोंदणीच्या फॉर्ममधला शेवटचा प्रश्न तेवढा तुझ्यासाठी ठेवलाय.”

“मला वाचून दाखव ना.”

“तिचं उत्तर आल्यावर.”

“आणि तिला नाही आवडलं तर?”

“तर नाही आवडणार.” मर्सीनं हे अशा थाटात सांगितलं, जणू तिला कुठंतरी लांब बोलावणं आलंय. तिनं शीळ घातली. बिस्किट गाडीतून उडी मारून तिच्यामागं कोंबड्यांच्या खुराड्याकडे पळाला.

स्वयंपाकघरात कॉफी गार झाली होती. लॅपटॉपवर फॉर्म उघडाच होता. ‘शिक्षिकेचे शेरे कुणाला पाठवावेत? पालकांना. विद्यार्थ्याला. दोघांना.’ कार्लीनचा बाण ‘दोघांना’वर गेला आणि तिथंच थांबला. खुराड्यातून मर्सीचा आवाज येत होता. ती कोंबड्यांना काहीतरी सांगत होती, बराच वेळ, रंगवून. शब्द ऐकू येत नव्हते.

तिनं ‘विद्यार्थ्याला’वर खूण केली आणि लगेच पाठवून टाकलं.

मर्सीचा कच्चा कागद टेबलावर पालथा पडला होता. दारातून वारा आला तसं त्याचं टोक उचललं. कार्लीननं त्यावर तळहात ठेवला. मर्सी पेन्सिल दाबून लिहायची; ती सवय काही मोडता आली नव्हती. मागून सगळी अक्षरं उमटली होती. कागद न उलटता तिनं त्यांवरून बोट फिरवलं. वाचता येत नव्हतं, पण मध्येच एका ओळीत पोरीनं इतका जोर दिला होता की कागद फाटायचा राहिला होता. तिथं कार्लीनचं बोट थांबलं.