डॉक्टरांचा तिसरा टेकू

"सुभेदार, हा टेकूच हलतोय!" दातांचे डॉक्टर शिरगुप्पे कुरकुरले. रायफलखाली लोखंडी टेकू झाला, परदेशी झाला, आता वाळूची पिशवी होती. गोळ्या मात्र तशाच भरकटत होत्या. नेमबाजी क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि आज शेवटची चाचणी.

प्रशिक्षक तावरे सुभेदारांनी गुपचूप रिकामं काडतूस भरून रायफल हातात दिली. डॉक्टरांनी चाप ओढला. नुसतं 'टक्' झालं, धक्का बसलाच नाही. तरी डॉक्टरांचे डोळे मिटले, खांदा उडाला आणि नळी खाली गेली.

"टेकू जागेवर आहे, डॉक्टर. हलताय तुम्ही. पेशंटला 'घाबरू नका' कुठल्या तोंडानं सांगता?"

चाचणीची पाचही काडतुसं मग सुभेदारांनीच एकेक करून भरली. "यातलं एक रिकामं आहे. कुठलं, ते सांगणार नाही."

चार बार झाले, चारही नेम बरे लागले. म्हणजे उरलं ते रिकामंच! डॉक्टरांनी अगदी निवांत, सुपारी चघळल्यासारखा चाप दाबला.

धाडकन बार झाला. डॉक्टर दचकले खरे, पण गोळी ऐन मध्यात लागल्यावर.

"घेतलं संघात," सुभेदार म्हणाले. "स्पर्धेतही एक रिकामं आहे, असंच धरून चाला."