भिंतीवरची बोली

कागलजवळच्या नव्या हॉटेलच्या पाट्या आणि भिंती सजवायचं काम डिझायनर अनेकांतला मिळालं. मालक पुण्याचे, त्यांना जिथं तिथं अस्सल कोल्हापुरी बोली हवी होती. अनेकांतनं फार शोधाशोध केलीच नाही. गडमुडशिंगीत त्याची आई पद्मावती दिवसभर जे बोलते, तेच त्यानं उचललं. काउंटरमागच्या भिंतीवर पितळी अक्षरं चढली, ‘या पावणं, टेका की!’ लिफ्टपाशी, ‘दम धरा की, आलो न्हवं!’ आणि खोल्यांच्या दारांना अडकवायला, ‘जरा पडू द्या की मला!’

उद्घाटनाला तो आईला घेऊन आला. गाडीतून उतरताच ती मोठ्यानं म्हणाली, "आगं बया! ह्ये समदं तूच केलंस व्हय रं?"

त्यानं आजूबाजूला बघून आवाज खाली आणला. "आई, आत मोठी माणसं आहेत. तू काही बोलू नको. कुणी विचारलं तर नुसतं हस."

आत मालकांनी तिला वाकून नमस्कार केला आणि भिंतीकडं बोट दाखवलं. "कसं जमलंय, काकू?"

तिनं भिंतीवरचं आपलंच वाक्य वाचलं. मग लेकाकडं बघितलं आणि हसली. मालकांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा नुसतीच हसली.

 

मालक अनेकांतकडं वळले आणि नव्यानंच शिकलेल्या झोकात म्हणाले, "काय रं, आईंना कोल्हापुरी येत न्हाय व्हय?"